एक्केचाळीस हजार आठशे बारा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, टेकडीच्या अंगाला,
पत्र्याच्या शेडमागे आमची टेस्टिंग रूम.
एका फळीवर सोळा स्विच.
हवेच्या नळ्या त्यांना दाबतात, सोडतात,
मिनिटाला पंधरा वेळा, रात्रंदिवस.
मोजायला काउंटर आहे.
माझं काम, त्यातला कोण गप्प झाला ते ऐकणं.

आत काय होतं ते कुबेर मढवीनं दाखवलं होतं,
काच बसवलेला एक नमुना अंधारात धरून:
चांदीच्या दोन टिकल्या सुटतात एकमेकींपासून,
पण वीज सोडत नाही.
निळं काहीतरी ताणत जातं मधे,
पाहुण्यांचं बोलणं उंबऱ्यात लांबावं तसं,
आणि तुटतं.
दर वेळी टिकलीचा एक कण घेऊन.
"धरून ठेवण्यानं नाही," म्हणाला,
"निघता निघता झिजतात."

मार्चमध्ये शेजारच्या खोलीत स्टीलचं पिंप आलं,
गोल खिडकीचं, प्लाझ्माचं.
पंप तास-दीड तास आतली हवा ओढत राहतो,
मग चिमूटभर आर्गॉन,
आणि खिडकीत रंग येतो:
पांढऱ्या सदऱ्यावरचा जांभळाचा डाग
एकदा धुतल्यावर उरतो, तो.
आवाज नाही. धूर नाही.
तबकातल्या दोनशे टिकल्यांवरचं तेलकट, काळं
कणाकणानं निघून जातं.
नंतर टायटॅनियम, नंतर नायट्रोजन,
आणि वर साय धरते,
सोनेरी, केसाच्या शंभराव्या हिश्शाची.

"ही पण ठिणगीच," कुबेर म्हणाला,
"फक्त हिला घाई नाही."
मला आईच्या दंडावरचा
देवी काढल्याचा व्रण आठवला. बोलले नाही.

जुन्या टिकल्या सत्तावीस हजारांत चिकटायच्या.
साय धरलेल्या चाळीसच्या पुढे गेल्या.
पैठणकर साहेबांनी पेढे मागवले,
म्हणाले, बंद करा आता, पास आहे.
मी बंद केलं नाही.
ऐकायचं होतं.

४१,८१२ ला अकरा नंबर गप्प झाला.

उघडला. भिंगाखाली धरला.
साय एका कडेनं फुटलेली,
आणि फुटलेल्या जागी, खाली,
अर्धवट गोल रेघा,
पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा.
बोट होतं ते.

त्या दिवशी कुबेर जेवायला गेला होता.
तबकातून एक टिकली घरंगळली,
मी उचलली, ठेवली.
हातमोजा दुसऱ्या हातात होता.

"चाळीसच्या वरचं कोण विचारतंय," साहेब म्हणाले.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: हाताळणी.
खाली माझी सही.

घणसोलीत बाबा रेशन दुकानातून परतले होते,
पिशवी रिकामीच.
यंत्रावर अंगठा लागला नाही. पुन्हा लावा.
पुसून लावा. दुसरा लावा.
एकवीस वर्षं खाडीच्या मिठागरात फावडं ओढलेला हात
त्यांनी ट्यूबलाइटखाली धरला.
"मिठानी खाल्ली गो सगली."

मी त्यांचा अंगठा भिंगाशिवाय पाहिला,
गुळगुळीत, चकाकता.
यांनी उचलली असती टिकली
तर काहीच उमटलं नसतं.

उद्या अर्धी रजा टाकते, मी म्हटलं,
मी येते, माझा अंगठा लागतो.
त्यांनी बटण दाबून दिवा बंद केला.
अंधारात, बटणाच्या फटीत,
ते निळं मला दिसलं.