तळटीप क्रमांक सतरा

एकतीस वर्षं मी अनुशेष मोजला.
रस्त्यांचा, पंपांच्या वीजजोडण्यांचा,
दवाखान्यातल्या खाटांचा.
सिव्हिल लाइन्समधली उंच छताची खोली,
माझ्या सगळ्या तक्त्यांना कूलरच्या वाळ्याचा वास.
जिल्हा, तालुका, दरडोई.
किती कमी, कोणापेक्षा कमी.
हिवाळ्यात अधिवेशन यायचं,
आमचे अहवाल हातगाडीवरून विधानभवनात जायचे
आणि संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांतून परत.

हवेचा अनुशेष मात्र एकाही रकान्यात बसेना.
म्हणून सत्त्याण्णव साली प्रश्नावली छापली :
हवा स्वच्छ व्हावी यासाठी आपण दरमहा
जास्तीत जास्त किती रुपये द्याल?
पर्याय चार.
पाचवा, सांगता येत नाही.

राखेच्या तळ्याकाठी बेबीबाई कोहाड
वाळलेलं लुगडं झटकत होत्या.
राख उडाली, माझ्या कागदावर बसली.
प्रश्न त्यांनी दोनदा वाचायला लावला.
"मॅडम, इजेचा कारखाना आमच्या दारात,
लाइन जाते मुंबईले,
अन् हवेचे पैशे मीच द्याचे?
ते किती देतीन मले,
हे काऊन नाई पुसत?"

देण्याची तयारी आणि घेण्याची तयारी
यांतला फरक शिकायला
मला दिल्लीत दोन वर्षं लागली होती.

खानझोडे साहेबांनी मसुद्यावर लाल पेनानं लिहिलं :
भावनिक. तळटिपेत टाका.
टाकली. बारीक टायपात.
वर मजकुरात वटावाचा दर बारा टक्के धरला.
बारा टक्क्यांनी तीस वर्षांनंतरचा रुपयाभर खोकला
आज तीन पैशांचा होतो.
गणित बरोबर आहे. मी पुन्हा करून पाहिलंय.
खालची सहीही माझीच.

एकदा, एकदाच,
आमच्या आकड्यांमुळे एक चिमणी अकरा मीटर उंच झाली.
पेढे वाटले.
धूर पुढच्या तालुक्यात गेला.
तिथला तक्ता माझ्याकडे नव्हता.

निरोपाला शाल, नारळ,
झिरो माइलच्या खांबाची पितळी प्रतिकृती.
तिच्याखाली मी विजेची बिलं ठेवते.

परवा एका मुलीचा फोन आला.
आश्लेषा मसराम, नवीनच रुजू झालेली.
"मॅडम, त्या अहवालातली सतरावी तळटीप...
तिथे नुसतं 'एक उत्तरदाती' लिहिलंय.
त्यांना नाव असेल ना?"

ट्रंक काढली. कागद सापडला.
घडीत राख अजून होती,
बोटाला लागली.
नाव सांगितलं. आडनाव फोडून सांगितलं.
"थांबा हं, लिहून घेते," ती म्हणाली,
आणि पेन शोधण्याचा आवाज आला.

पाचव्या पर्यायापुढे
मी पेन्सिलीनं केलेली खूण
तेवढी तिला सांगितली नाही.