सिआ

पहिले दोन शब्द कामाचे: सिआ आणि सॉम.
सिआ म्हणजे बिघडलं, सूर चढवत न्यायचा.
सॉम म्हणजे दुरुस्ती, तो उतरवायचा.
बान लाएमला, कोळंबीच्या शीतगृहात,
एवढ्या भांडवलावर माझे चार महिने निघाले.
काँप्रेसर सिआ. पंखा सिआ.
बर्फाचं यंत्र दर मंगळवारी सिआ.
मी पेटी उघडायचो, म्हणायचो,
सॉम दाइ, होईल दुरुस्त,
आणि बायका रबरी हातमोज्यांआड हसायच्या,
कारण माझी दुरुस्ती तोंडातून पडेपर्यंत
संत्रं झालेली असायची.

संध्याकाळी पा लमदुआनच्या टपरीवर पेज.
तिची नात बायतोय, इयत्ता तिसरी, माझी मास्तरीण.
मिठाच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने शिकवायची:
क कोंबडीचा, ख अंड्याचा.
शब्दांच्या मध्ये जागाच सोडत नाहीत हे लोक,
ओळ आपली एका दमात,
चुलीवर दूध ठेवून दाराशी बोलायला आल्यासारखी.
एकदा त्या गर्दीत चंद्र सापडला,
माहेरचं कुणी भेटावं तसा.
च, न, द, र, सगळे हजर,
फक्त शेवटच्याच्या डोक्यावर एक शेपटीवाली टिकली:
लिहायचं, बोलायचं नाही.
मग लिहायचं कशाला, मी विचारलं.
बायतोय म्हणाली, तो तिथे आहे ना, म्हणून.

लुंग चियम बाजूला जाळं सांधत बसायचा.
बोलणं बेताचं.
एकदाच त्याने विचारलं, तुझं घर क्लाइ?
सूर सपाट ठेवला तर दूर,
खाली आणला तर जवळ.
मला कळलं नाही त्याने कुठला लावला.
मी हो म्हणालो.
त्याने मान हलवली, गाठ मारली.

मग एका रविवारी दुपारी पा लमदुआनचा फोन:
लुंग सिआ लॅऊ.
लॅऊ म्हणजे झालं, होऊन गेलं, हे मला येत होतं.
सिआ तर माझा हातखंडा शब्द.
म्हटलं, लुंगच्या बोटीचं इंजिन,
नाहीतर तो खडखडणारा फ्रीज.
सॉम दाइ, मी म्हणालो, आलोच,
आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच,
संत्रं झालं नाही.

दाराशी चपलांचा ढीग.
आत लुंग चटईवर, पांढऱ्या चादरीखाली,
उजवा हात बाहेर, तळवा उघडा.
आणि मी उंबऱ्यात, हातात पान्यांची पेटी.
पा लमदुआनने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
तोंडावर पदर घ्यावा तसा पंजा घेतला
आणि हसली.
हसू चढत गेलं, चढत गेलं,
मध्येच सूर फिरून दुसराच शब्द झालं.

कुणीतरी पेटी काढून घेतली,
हातात जुईच्या पाण्याची वाटी दिली.
मी लुंगच्या तळव्यावर ओतलं.
सुतळीचे घट्टे होते, पाणी त्यांना वळसा घालून गेलं.

रात्री मंत्र संपल्यावर तिला सांगायचं होतं,
की आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते;
की आम्ही निघताना येतो म्हणतो;
की माणूस बाजाराला जातो तेव्हाही गेला
आणि जातो तेव्हाही गेला,
इकडची गाडी तिकडे अशी अडली असती का सांगता येत नाही.
एवढे शब्द कुठून आणणार?
म्हणालो, माझ्या घरी, लुंग पाइ तलात.
लुंग बाजारात गेला.
तिने बराच वेळ विचार केला.
म्हणाली, मग उशीर करणार.
घासाघीस केल्याशिवाय मिरचीसुद्धा घ्यायचा नाही.

मंगळवारी बर्फाचं यंत्र पुन्हा बंद पडलं.
बायका माझ्याकडे आल्या, थांबल्या,
एकमेकींकडे पाहिलं.
आणि कुणीच काही न बोलता
त्याच्याकडे बोट दाखवलं.