अर्धं सूत

मे महिना, पारा चव्वेचाळीसला टेकलेला.
साखर पेठेतल्या आमच्या लॅबच्या पायऱ्यांवर
राजेशम यन्नम बसलाय, बाटलीवर रुमाल गुंडाळून,
जणू आत चोरीचा माल आहे.
नखं निळी. डाईंगला असतो तो,
टॉवेलचं सूत उकळत्या हौदातून काढायचं काम.
"मॅडम, नीट मोजा की," म्हणतो
आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहतो.

मी मोजते.
काचेवर आखलेल्या बारीक चौकटी,
अंगठ्याखाली टकटक करणारा काउंटर,
भिंतीपलीकडे माग. खट्याक, खट्याक.
अंगठा मागाच्या ठेक्यात जातो
आणि आकडा चुकतो.
पुन्हा पहिल्यापासून.

बोड्डूसर म्हणायचे, आपल्या गावाला हा धडा काय शिकवायचा,
नावातच सूत आहे: गुणसूत्र.
सेहेचाळीस धागे. तेवीस बापाचे, तेवीस आईचे.
आधी प्रत्येक धागा आपली जोडी शोधतो,
सूत जुळतं.
मग दोघं एकमेकांना पीळ घालतात, मध्येच तुटतात,
आणि सांधताना
याचं टोक त्याला, त्याचं याला.
मागावर असं झालं असतं तर
जॉबरने आईबाप काढले असते.
इथे मात्र त्यातूनच कुणाला तरी
आजोबांचे कान मिळतात
आणि त्यांच्याशी जन्मभर न पटलेल्या आजीचं हसू.
मग वाटणी. एकदा, लगेच दुसऱ्यांदा.
एकाचे चार, प्रत्येकाच्या पदरी तेवीस.
आणि शेपूट. सर शेपूट काढायचे तेव्हा
मागचे बाक हसायचे.

हे काम शरीराने घराबाहेर मांडलंय,
दोन अंश गारव्यासाठी,
आपण मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकतो तसं.
राजेशमची गच्ची रोज आठ तास
वाफेत असते.

"तीस लाख," मी सांगते.
त्याचा चेहरा उजळतो. "तीस लाख! लई झाले की मग!"
मला सांगावं लागतं:
दीड कोटी तरी हवेत.
तो रुमालाची घडी घालतो,
उलगडतो,
पुन्हा घालतो.

दुसऱ्या दिवशी सुगुणा येते, रक्त द्यायला.
बोटांना तंबाखूचा वास.
तिची आईही विड्याच वळायची म्हणे,
पाचव्या महिन्यातसुद्धा मांडीवर सूप, दिवसाला हजार.
त्या पोटात सुगुणा होती,
आणि एवढ्याशा सुगुणाच्या आत
लाखो बीजं वाटणीला बसलेली.
बसली आणि थांबली,
लाईट गेल्यावर माग थांबतो तशी,
धागे ताणलेले, धोटा मध्येच.
एकतीस वर्षं.
महिन्याला एखाद्या मागाची लाईट येते.
पण इथली वाटणी सरळ नाही,
धागे निम्मे-निम्मे, बाकी सगळा माल एकीलाच,
दुसरी चिंधीसारखी बाजूला.
आणि ती भरलेली, एकटी,
दुसऱ्या वाटणीत पुन्हा अडते.
कुणी आलं तरच ती वाटणी पुरी होते.

मी नळीवर नाव लिहिते. सुगुणा यन्नम, ३१.
मला त्रेचाळीस.
माझ्यातले किती माग अजून चालू आहेत
ते कुणी मोजलं नाही,
मीही नाही.

डॉक्टरांनी लिहिलं: अडीच महिने हौदापासून लांब.
नवा धागा काततानाच तेवढे दिवस जातात.
"आणि पगार?" राजेशमने विचारलं.
कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

श्रावणात तो येतो. आता घडीकामाला आहे,
दिवसाला दीडशे कमी.
नखांचा निळा रंग अर्ध्यावर उतरलाय,
मुळाकडून गुलाबी वाढतंय.
तोच रुमाल, तीच बाटली.
सुगुणा या वेळी बरोबर, पायऱ्यांवर बसून
कडक भाकरीचा तुकडा चघळतेय.

थेंब काचेवर ठेवते
आणि लाईट जाते.
भिंतीपलीकडचे माग एकदम गप्प.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मला लॅबमधलं घड्याळ ऐकू येतं.

जुनी दुर्बीण आहे, खाली आरसा असलेली.
आरसा खिडकीकडे वळवते.
उजेड पातळ, पण पुरतो.
कडेच्या चौकटीत
काहीतरी हलतं.

एक.
दोन.