वाचता न येणारी जागा

शेंदुरजनाघाटच्या एका नर्सरीसाठी
मी कलमांच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिला,
अकरा महिने, भारनियमनाच्या फटींतून.
कोणत्या वाफ्यात किती जंबेरी, डोळा कधी बांधला,
किती लागल्या, किती वाळल्या,
ट्रकात किती चढल्या, उधारी कोणाची.
सगळं एका सीडीवर. वर मार्करने:
ज्योत्स्ना भोंडे, वरुड.

गुणवंतराव म्हणाले, "सहा हजार? या चकतीचे?
बजारात पंधरा रुपयाले भेटते."
पंधराला रिकामी भेटते, मी म्हटलं.
ते हसले. मला हसू आलं नाही,
कारण स्टँडसमोर विजय कडूचा फोटो स्टुडिओ,
लग्नाच्या सीड्या करायचं यंत्र त्याच्याकडे,
आणि तालुक्यातला प्रत्येक नर्सरीवाला
दुसऱ्या नर्सरीवाल्याचा साडू.

पासवर्ड टिकत नाही आमच्याकडे.
तो कॅलेंडरवर लिहिला जातो, दुधाच्या खाड्यांशेजारी.

मग एका रात्री आईची गोधडीची सुई घेतली
आणि सीडीच्या कडेला, अगदी शेवटच्या वळणावर
एक ओरखडा ओढला. नखाएवढा.
प्रोग्रामला शिकवलं:
सुरू होण्याआधी तिथे जा.
वाचून बघ.
वाचता आलं तर तिथेच थांब.
अडखळलास, तर ही आपली. चल पुढे.

"चांगल्या वस्तूले काहून खरवडतं वो?" आई म्हणाली.
गोंदते आहे, मी म्हटलं.
तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं,
हिरवं पडलेलं तुळशीचं झाड,
आणि सुई जागेवर ठेव म्हणाली.

दिवाळीनंतर विजय स्वतःच आला, स्कूटरवर,
पिशवीत अकरा सीड्या.
लाज नव्हती, काळजी होती.
"ताई, तुमच्या सीडीत नं, फॉल्ट हाये.
मशीन कडेले जाऊन घरघर करते.
मी तेवढी जागा सोडून साफ कॉपी काढली,
तरी चालू होत नाही. दुरुस्त करून देऊ का?"
त्याच्या अकराही सीड्या स्वच्छ होत्या.
लावली की पडद्यावर एकच ओळ:
ही सीडी ज्योत्स्नाची नाही.

मी त्याला चहा दिला. साखर जास्त पडली.

गुणवंतरावांनी बोलावून घेतलं. मायझाडाखाली उभे होते.
"माह्या घरून वर्साले लाखभर कलमा जाते.
नेणारा उद्या त्याच्यातून डोळा काढून
आणखी लाख करीन. मी का झाडाले सुई टोचू?"
मला सुचलं ते असं:
झाड दिसतं तरी, काका. त्याच्याखाली उभं राहता येतं.
ते बराच वेळ सुपारी चघळत राहिले.
उरलेले दोन हजार दिले, दहा-दहाच्या नोटांत,
मोजायला लावून.

पुढच्या उन्हाळ्यात वीज वरखाली झाली,
त्यांचा कॉम्प्युटर जळाला.
सीडी गल्ल्यात होती, चिल्लरीखाली, वर्षभर.
आता ती कुठेच वाचता येत नव्हती.
माझा ओरखडा त्या ओरखड्यांत
मलाही सापडला नाही.

घरी माझी जपून ठेवलेली प्रत काढली,
कोऱ्या पाकिटातली, बोटाचा डाग नसलेली.
लावली.
ही सीडी ज्योत्स्नाची नाही.

बसून राहिले जराशी. मग आईला सुई मागितली.
हाताने तीच जागा पुन्हा साधत नाही;
एक केसभर आत गेली, एकीत फार खोल,
तिसरी सरळ तडकली.
चौथीशी प्रोग्राम अडखळला,
आणि मी श्वास सोडला.

पाटी घेऊन गेले तेव्हा,
म्हणजे सीडी घेऊन गेले तेव्हा,
नर्सरीच्या कुंपणावर विजयच्या अकरा सीड्या
दोऱ्याला लटकत होत्या, पाखरं उडवायला.
काठापासून काठापर्यंत वाचता येणाऱ्या,
वाऱ्यावर गरगरणाऱ्या.
पलीकडच्या तारेवर दोन पोपट
पेरू खात बसले होते.