सॅम्पल नंबर एकोणीस

मोतीझीलच्या लॅबमध्ये त्या दिवशी
अठरा बाटल्या रांगेत उभ्या होत्या :
हजिरा, किलागेट, दौलतगंज,
मुरारच्या तीन,
एक कुणाच्या तरी बोअरची, पिवळट.
शर्वाणीनं एकोणिसावी आणून ठेवली,
करंगळीएवढी, ड्रॉपरची.
"ताई, पहिल्या पगारातून घेतलंय. सहाशेला.
बघा ना, बरोबर आहे का."

खोक्यावर कमळ होतं, कमळावर दवाचे तीन थेंब.
पुढची बाजू मी वाचत नाही.
अठ्ठावीस वर्षं पाणी तपासलं
की माणूस आधी बाटली उलटी करतो.

भिंग लावलं.
पहिलं नाव : पाणी.
तीस मिलीला सहाशे, म्हणजे लिटरला वीस हजार.
बाहेर फाटकाशी टँकर भरत होता,
त्याच्या ड्रायव्हरला हा भाव सांगावासा वाटला.

"यादी वजनाच्या क्रमानं असते," मी म्हटलं,
"जास्त ते आधी.
एक टक्क्याखाली आलं की मग
कुणीही कुठेही बसावं,
शेवटच्या पंगतीत बसतात तसं."
दुसरं ग्लिसरीन. जुना, भरवशाचा गडी.
आई थंडीत गुलाबपाण्यात कालवून
आमच्या फुटलेल्या गालांना चोळायची,
आम्ही पळायचो.
मग नायसिनामाइड, बरं आहे, वरच्या बाकावर आहे.
मग फिनॉक्सिइथेनॉल.
इथे मी पेन्सिलीनं रेघ मारली.
हा टिकवणारा. याला एक टक्क्याच्या वर
जागा द्यायची नसते,
म्हणून ही सरहद्द धर.
याच्या पलीकडचं सगळं चिमूटभर.

"आणि कमळ?"
शर्वाणीनं बोट खाली खाली नेलं.
कमळ गोंदाच्याही खाली होतं,
शेवटून दुसरं.
ती काही बोलली नाही.
मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण शेवटचा शब्द 'सुगंध' होता
आणि मला राहवलं नाही :
एका शब्दात वीस जण लपतात बाई,
आपल्या बिलांतल्या 'इतर खर्चा'सारखे.

पीएचची पट्टी बुडवली : साडेपाच. ठीक.
एक थेंब डाव्या हाताच्या पाठीवर घेतला.
हलका. पसरला, मुरला,
चिकटला नाही. हे खरं बोललेत.
हायलुरोनेट म्हणे आपल्या वजनाच्या
हजारपट पाणी धरतं.
तिघराच्या धरणानं ऐकलं तर
मान खाली घालेल,
तिथे तळाची भेग मोजायला
आमचा माणूस कालच जाऊन आला.

दाराबाहेर लू वाहत होती.
भिंतीवरचा काटा हवेतली ओल दाखवत होता :
अकरा टक्के.
"हे बघ, ही द्रव्यं पाणी बनवत नाहीत,
ओढतात.
हवेत असेल तर हवेतून.
हवेत नसेल," मी तिच्या गालाकडे पाहिलं,
बावीस वर्षांचा, कशाचीही गरज नसलेला,
"तर आतून."

"मग फेकून देऊ?"
"छे. तोंड ओलं असताना लाव,
वरून साधी क्रीम, झाकण घातल्यासारखी.
आणि पंख्याखाली बसू नकोस."
ती हसली. बाटली पर्समध्ये गेली,
रेघ मारलेलं खोकं
तिनं माझ्या टेबलावरच सोडलं.

रजिस्टरमध्ये एकोणिसावा रकाना
चुकून आखला गेला होता.
लिहिलं : गंध, आहे. रंग, नाही.
पिण्यास अयोग्य.
शेरा : ज्याचं चित्र, ते तळाशी.
मग खोडलं, ऑडिटवाले विचारतात.

सही करताना
डावा हात कागद धरून होता,
पाठीवर थोडा चकचकीत,
उजव्याहून दहा वर्षांनी लहान.
पंधरा मिनिटं टिकला असेल.
तेवढ्यात वीज गेली
आणि टँकरवाल्यानं खालून हाक मारली,
"मॅडम, नळ बंद करू का?"