माती वजा

ऑक्टोबरात काट्यावरची रात्रपाळी माझी.
नेब्रास्काच्या या पश्चिम टोकाला
बीटाचे ट्रक येतात शेतांतून, दिवे लावून, एकामागे एक.
भरलेलं वजन, रिकामं वजन,
नमुन्याच्या पोत्यात निघालेली माती वजा.
उरतं ते साखर कारखान्याचं.
हा हिशेब मला कुणी शिकवला नाही.
एकोणीस हंगाम झाले, बोटांनाच येतो.

दोन ट्रकांच्या मधे जी मिनिटं सांडतात
ती वेचून मी अकाउंटिंग शिकते.

परीक्षेला बसायला एकशे पन्नास क्रेडिट लागतात.
माझ्याकडे एकशे सव्वीस,
तीही इतिहासाची, लग्नाआधीची.
लिंकनच्या विद्यापीठातल्या मुलीने उरलेल्यांचा दर सांगितला
तेव्हा मी फोन हळूच ठेवला,
भारी दुकानात किमतीची चिठ्ठी वाचून
कोट परत खुंटीला लावावा तसा.

मग कम्युनिटी कॉलेज. ऑनलाइन. क्रेडिटला एकशे अकरा डॉलर.
एका कोर्सचे तीन क्रेडिट,
म्हणजे तीनशे तेहतीस,
म्हणजे पिकअपचे मागचे दोन टायर.
टायरांनी आणखी एक हिवाळा काढला.

टिसडेल सरांना मी कधी पाहिलेलं नाही.
फक्त आवाज, तोही सव्वापट वेगाने.
सातव्या व्याख्यानात त्यांचा कुत्रा भुंकतो,
सर म्हणतात, "थांब रे, घसारा चाललाय."
वस्तू दरवर्षी थोडी थोडी संपते
आणि आपण ते लिहून ठेवतो, इतकंच, ते म्हणतात.
मी लिहून घेतलं.
घरी आले तर लायल जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेला,
दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या.
किती वर्षांनी भागायचा, ते मी विचारलं नाही.

आणि ते उचंत खातं.
ज्या रकमेचं नाव अजून ठरत नाही ती तिथे टाकायची,
ठरलं की उचलून योग्य जागी न्यायची.
कोल्बीला जाऊन तीन वर्षं झाली.
शेवटचा फोन टल्साहून होता, की टोपेकाहून,
लायल एक सांगतो, मी दुसरं.
त्या रात्री पुढचा ट्रक येऊन हॉर्न वाजवीपर्यंत
मी पान उलटलं नाही.

परीक्षा पहाटे पाचची ठेवली,
घरी नेट नाही, काट्यावर आहे, आणि साडेसहापर्यंत सहसा कुणी येत नाही.
कॅमेऱ्यातला मुलगा म्हणाला, खोली दाखवा.
मी लॅपटॉप गोल फिरवला:
हीटर, पावत्यांचा गठ्ठा, डबा, खिडकी.
"खिडकीत कोण आहे?"

खिडकीत युसेबियो होता.
लवकर आलेला, भरलेला, टोपीवर दव.
मी बोलू शकत नव्हते, नियम होता.
नुसता तळहात दाखवला.
त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
जाऊन इंजिन बंद केलं,
आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिला,
दुसऱ्याचं पत्र उघडं दिसलं तर माणसं राहतात तसा.
मागे आणखी दोन ट्रक आले.
त्यांना जाऊन त्याने काय सांगितलं कोण जाणे,
तिन्ही दिवे विझले.

सत्तर मिनिटं.
शेवटच्या ताळेबंदात दोन्ही बाजूंत नऊ डॉलरचा फरक राहिला,
तो सापडलाच नाही.
तसंच पाठवलं.

दार उघडलं तर त्याचे ओठ निळे.
"पास?"
"दोन आठवड्यांनी कळेल."
"झाली तर किती राहतात?"
"एकवीस."
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं.
मी म्हटलं, चढव काट्यावर.

अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे चाळीस पौंड.
माती नंतर बघू.