शून्य येईपर्यंत

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, अंगावरचं धातूचं सगळं काढा.
घड्याळ, बेल्टाचं बक्कल, गळ्यातली साखळी.
माझी अंगठी निघेना.
तीस वर्षांचं ग्रीस आणि बोटाला आलेली गाठ,
साबण लावून फिरवली, तरी तिथंच.
शेवटी उद्यमनगरातून कटर मागवला.
अंगठी ट्रेमध्ये पडली तेव्हा
टॅपेटचा शिम पडावा तसा आवाज आला.
दिवसभरात तेवढाच ओळखीचा.

कारण या गाडीला आवाजच नाही.
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून
मूठ कानाला लावून
कितव्या सिलिंडरचं बेअरिंग बोलतंय ते सांगणारा माणूस.
निपाणीपासून गिऱ्हाइकं यायची
ती माझ्या उजव्या कानाच्या भरवशावर.
इथं बॉनेट उघडलं की नारिंगी केबली
आणि एक मुकं डबडं, वर विजेची खूण.

प्रणोती बाई मुरगूडच्या, माझ्या धाकट्या पुतणीच्या वयाच्या.
रबरी हातमोजा कसा तपासायचा ते दाखवतात:
मनगटाकडून गुंडाळत आणायचा, हवा बोटांत कोंडायची
आणि गालाजवळ धरायचा.
टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला कळतं.
म्हटलं चला, कान गेला तर गाल आला.

मग सर्व्हिस प्लग उपसायचा, कुलपात ठेवायचा.
आणि थांबायचं. दहा मिनिटं.
"गाडी बंद केली म्हणजे वीज गेली असं नाही," बाई म्हणतात,
"कपॅसिटरमध्ये राहते.
दिसत नाही, वाजत नाही. राहते."

आणि पाठीमागं एक माणूस लागतो.
त्यानं गाडीला हात लावायचा नाही,
पाना द्यायचा नाही, सल्ला तर नाहीच नाही.
फायबरची पिवळी आकडी धरून उभं राहायचं.
मी चिकटलो
तर कमरेत अडकवून मागं ओढायचं.
एवढंच काम.

जोड्या हजेरीपटावरून पाडल्या.
शिकलगार. सुतार.
बाईंना काय माहीत,
समोरासमोर शटर असून
रसूलशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही.

डिझेल पंपाचा टेस्ट बेंच दोघांत घेतला होता.
निम्मे त्याचे, निम्मे माझे. मग तेल कुणाचं,
पट्टा कुणाच्या पोरानं तोडला, रविवारी कुणाची पाळी...
एका रात्री मी तो माझ्या शेडमध्ये ओढून आणला.
पैसे देतो म्हणालो. दिले नाहीत.
आता ताडपत्रीखाली असतो.
दोनदा मांजर व्यालं तिथं.
भंगारवाला किलोच्या भावानं मागतो.

आज माझी पाळी.
प्लग काढला. मोजे कोपरापर्यंत.
डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडं.
मागं तो.
त्याच्याकडं पाठ करून इतका वेळ
मी कधी उभा राहिलो नव्हतो.

तिसऱ्या मिनिटाला खाकरला.
पाचव्याला पाय बदलला, बूट करकरला.
कान अजून चालतो माझा.
सातव्याला म्हणाला,
"त्यो बेंच हाय का अजून?"
"हाय."
"गंजला आसंल."
"व्हय."
मग बराच वेळ काही नाही.
"आकडी जड हाय रं."
"दोन्ही हातांनी धर."
"धरलीया."

दहा झाली.
मीटर आधी चालू बॅटरीवर लावून पाहिला.
मग टोकं टेकवली.
सहा. दोन. पॉइंट काहीतरी.
शून्य.
पुन्हा मीटर बॅटरीवर,
तो खोटं बोलत नाही ना, बघायला.

"शून्य," मी मोठ्यानं म्हणालो. नियम तसा आहे,
मागच्या माणसाला ऐकू जायला हवं.

"ऐकलं," रसूल म्हणाला,
आणि आकडी खाली ठेवली नाही.